खर्रा आणि दाताची नस

"आता दुखत नाही जी डॉक्टर, आपोआप राहिलं." कळमेश्वरच्या दवाखान्यात हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. चार रात्री ठणकलेली दाढ अचानक गप्प झाली, तर ती बहुधा बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते.

लोक जिला नस म्हणतात ती नुसती नस नव्हे. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि दाताची आतली भिंत आयुष्यभर बांधत राहणाऱ्या पेशी, असा तो जिवंत गर. अंगावर कुठे सूज आली की ती पसरते. इथे चारही बाजूंनी कठीण भिंती, त्यामुळे दाब आतल्या आत वाढतो. आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त छळते. थंड पाण्याची कळ लगेच ओसरली तर नस वाचण्यासारखी असते. ती रेंगाळायला लागली, किंवा काही कारण नसताना उठायला लागली, की बहुतेकदा उशीर झालेला असतो.

खरा शत्रू जंतू. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढा कोरून नस उघडी केली. साध्या उंदरांची नस कुजली. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या उघड्या नसेवर मात्र अन्न अडकूनही नवं कवच धरलं. रूट कॅनलची सगळी खटपट त्यामुळेच: दाताभोवती रबराचा पडदा लावून लाळ अडवायची, टोकाला एक दशांश मिलिमीटर असलेल्या फाइलने वाट शोधायची, हायपोक्लोराइटने धुवायचं आणि शेवटी गटापर्चाने नळी बंद करायची.

हे सगळीकडचंच. आमच्या भागातली गोष्ट खर्ऱ्याची आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोरच पन्नीत घोटून मिळतो. सुपारी, तंबाखू, चुना. तंबाखूबद्दल सगळे बोलतात. दातांच्या बाबतीत मला सुपारीचा जास्त राग येतो. दिवसभर सुपारी फोडून दाढा सपाट होतात, बारीक तडे जातात. नस बिचारी मागे सरकत आतून भिंती जाड करत राहते. हा तिचा बचाव, पण त्यात नळ्या इतक्या अरुंद होतात की तिशीतल्या माणसाच्या एक्स-रेत म्हाताऱ्याची दाढ दिसते. मग एखाद्या तड्यातून जंतू शिरतात.

त्यात तोंड उघडत नाही. सुपारीने गालांच्या आतली कातडी पांढरट, ताठर होते. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ सालीच या आजाराचं वर्णन केलं होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. इथे कित्येकांची दोन जाताना मारामार. हँडपीसचं डोकं आणि त्यातली बर मिळून जवळपास दोन सेंटीमीटर, ती मागच्या दाढेवर न्यायची कुठून? मग आखूड फायली घ्यायच्या, दाढ बाजूने कोरायची, किंवा आधी तोंडाचे व्यायाम करायला लावायचे. तेही जमलं नाही तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी. वाचवण्यासारखी दाढ केवळ हात पोचत नाही म्हणून गमावावी लागते, याची चीड येते.

लवकर आलेल्यांसाठी आता बरंच करता येतं. कीड खोल गेली तरी वरचा सुजलेला गर काढून मुळांतला जिवंत ठेवायचा आणि त्यावर एमटीएसारखं सिमेंट लावायचं. शाळकरी मुलांची मुळं पूर्ण वाढलेली नसतात. त्यांच्यात हे मी आवर्जून करते, कारण नस जगली तरच मूळ वाढतं.

आणि कॅपचं. रूट कॅनल झालं, दुखणं राहिलं, की "कॅप संत्र्याच्या तोडीनंतर बसवू" म्हणून लोक जातात. दाढ तोवर पोखरलेली, आणि खर्रा चालूच. एखाद्या सुपारीच्या खांडावर ती उभी चिरते. चीर मुळात उतरली असेल तर दाढ काढण्याशिवाय इलाज उरत नाही.