नसलेली तबकडी

वकिलाच्या प्रवासात सामानापेक्षा मुदतीचे ओझे अधिक असते. २०१२ सालच्या एका पावसाळी संध्याकाळी मी बेळगावहून अनमोड घाट उतरून फोंड्याजवळील एका देवस्थानच्या अग्रशाळेत मुक्कामास आलो. प्रश्न एका वृद्ध विधवेच्या घराचा होता. १९७५ च्या मुंडकार कायद्याचे छत्र तिच्या डोक्यावर राहते की नाही, याची सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. आणि मी तयार केलेले प्रतिज्ञापत्र त्याच रात्री पणजीच्या ज्येष्ठ वकिलांच्या नजरेखालून जाणे अवश्य होते.

मजजवळ लिनक्सवर चालणारा लॅपटॉप होता आणि बोटभर लांबीचा मोबाइल मोडेम. तो जोडला, दिवा लुकलुकला. परंतु पडद्यावर उमटली ती सीडीची तबकडी! वास्तविक त्यात तबकडी नव्हतीच. विंडोजसाठी लागणारी आज्ञावली निर्मात्याने मोडेमच्याच पोटात भरलेली असते. ती देता यावी म्हणून असे मोडेम प्रथम सीडीचे सोंग घेतात. ते सोंग लिनक्सवर उतरविण्यासाठी योझुआ डीत्से यांनी ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाची आज्ञावली लिहिली आहे. मी ती घालून घेतली नव्हती. ती आणावी तर इंटरनेट हवे, आणि इंटरनेट हवे तर ती हवी!

अखेर बडोद्याच्या मावसभावास दूरध्वनी केला. तो म्हणाला, “दादा, ती तबकडी बाहेर काढ.”

“अरे, पण तबकडी आहेच कुठे?”

“नाही, हे तुला ठाऊक. मोडेम तर आहे म्हणतो ना? मग त्याच्या म्हणण्याप्रमाणे वाग.”

मी ‘इजेक्ट’ची आज्ञा दिली. क्षणभर दिवा विझला, पुन्हा लागला. पडद्यावरील तबकडी नाहीशी झाली आणि त्याच जागी मोडेम प्रकट झाला. उलटतपासणीत साक्षीदाराला खोटे म्हणण्यापेक्षा त्याचेच विधान धरून पुढे गेले, की सत्य आपोआप बाहेर येते. इतकी वर्षे न्यायालयात वापरलेली ही युक्ती मला यंत्रापुढे सुचू नये, याची मौज वाटली.

पुढचे काम सोपे होते. कंपनीच्या प्रवेशद्वाराचे नाव, म्हणजे एपीएन, भरले. *९९# हा क्रमांक फिरला. जाड भिंतींत लहरी क्षीण होत होत्या, म्हणून लांब तार लावून मोडेम खिडकीच्या गजाला बांधला. शेजघराची आरती आटोपली तेव्हा प्रतिज्ञापत्र पणजीस पोहोचले होते. ज्येष्ठांनी त्यातील एक परिच्छेद बदलविला, आणि सकाळी त्या घराला पुढील तारखेपर्यंत अभय मिळाले.

आता फोनच लॅपटॉपला इंटरनेट पुरवितो. तो मोडेम माझ्या खणात पडून आहे. तरी प्रवासास निघण्यापूर्वी मी प्रत्येक जोडणी घरीच करून पाहतो, आवश्यक आज्ञावली घालून घेतो आणि एपीएन कागदावर टिपून ठेवतो. आमची आई शिदोरी बांधताना म्हणे, “वाटेत चूल मिळेल, पण पीठ घरूनच न्यावे.” त्या रात्री मी पीठ विसरलो होतो. भाऊ जागा होता, म्हणून एका म्हातारीचे घर राहिले.