तेरापैकी तेरा

परीक्षेतील गुण लिहिलेल्या उत्तरांना द्यावयाचे असतात. विद्यार्थी पुढे काय लिहील याच्या अदमासाला नव्हे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती मुद्दाम सांगताना संकोच वाटावा. तरीही जाणती, अनुभवी माणसे एकत्र बसतात, झालेल्या कामाचा हिशेब समोर असतो, आणि निर्णय मात्र पुढे काय होईल या तर्कावर घेतला जातो, असे प्रसंग जगात वारंवार घडतात. त्यांतील एक प्रसंग गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून बसला आहे. तो घडला अमेरिकेत, आणि विषय आहे फुटबॉलचा!

बेळगावकडच्या एका सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाला अमेरिकेतल्या फुटबॉलशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आज तिकडे आहे, आणि घरचे माणूस जेथे असते तेथल्या पावसापाण्याची चौकशी आपण करतोच. आमचा पुतण्या फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी येथील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शिकावयास गेला. २०२३ सालच्या सप्टेंबरपासून त्याच्या रविवारच्या फोनमध्ये अभ्यास मागे पडला आणि फुटबॉल पुढे आला. काका या नात्याने ऐकून घेणे आम्हाला प्राप्तच होते; पुढे पुढे आम्हीच रविवारची वाट पाहू लागलो.

आपल्या मैदानांवर खेळला जातो तो फुटबॉल हा नव्हे. यातला चेंडू लंबगोल असतो. तो बहुतांशी हातांनी फेकावयाचा, नाही तर पोटाशी कवटाळून धावावयाचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर डाव चालू राहतो, न आले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. साऱ्या चढाईची सूत्रे ‘क्वार्टरबॅक’ नावाच्या एका खेळाडूच्या हाती असतात. महाविद्यालयीन मुलांचे हे सामने पाहावयास एकेका मैदानावर सत्तर-ऐंशी हजार माणसे लोटतात.

हंगाम संपला की निवडक संघांना मानाच्या सामन्यांची आमंत्रणे जातात. या सामन्यांना ‘बाउल’ म्हणतात. पहिला असा सामना १ जानेवारी १९०२ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, नववर्षाच्या पुष्पोत्सवाचा एक भाग म्हणून झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९–० असे लोळवले. सामना इतका एकतर्फी झाला की उत्सवाच्या चालकांनी फुटबॉलला रजा दिली आणि पुढे काही वर्षे चक्क रथांच्या शर्यती भरवल्या! १९१६ मध्ये फुटबॉल परतला. १९२२ मध्ये तेथे प्रेक्षागार उभे राहिले. त्याला ‘रोझ बाउल’ म्हणजे गुलाबांचा वाडगा असे नाव मिळाले आणि तेच सामन्यालाही चिकटले. मग गावोगावी वाडगे झाले. १९३५ मध्ये मायामीला संत्र्यांचा ‘ऑरेंज’ आणि न्यू ऑर्लिन्सला साखरेचा ‘शुगर’, १९३७ मध्ये डॅलसला कापसाचा ‘कॉटन’. ज्या मुलखात जे पिकते त्याचे नाव सामन्याला द्यावे, ही कल्पना आम्हाला मोठी गोड वाटली.

देशात पहिल्या श्रेणीचे संघ १३० हून अधिक. प्रत्येकाचे नेमाचे सामने बाराच. तेव्हा सर्वांत श्रेष्ठ कोण, हे सर्वांना सर्वांशी खेळवून ठरवणे अशक्यच. म्हणून २०१४ च्या हंगामापासून तेरा जणांची एक निवड समिती नेमण्यात आली. तिने चार संघ निवडावेत, त्यांचे उपांत्य सामने मोठ्या बाउलांमध्ये व्हावेत आणि त्यांतून राष्ट्रीय विजेता ठरावा, अशी ती व्यवस्था.

फ्लोरिडा स्टेटच्या संघाने २०२१ मध्ये पाच सामने जिंकले होते आणि सात गमावले होते. त्याच संघाने २०२३ मध्ये निवडीच्या दिवसापर्यंत एकही सामना गमावला नाही. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामा या तुलनेने दुबळ्या संघाशी घरच्या मैदानावर खेळताना त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याच्या पायाला जबर दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. संघ त्या वेळी ०–१३ असा मागे होता. अखेरीस ५८–१३ ने जिंकला. पुढच्या आठवड्यात, दुसरा क्वार्टरबॅक घेऊन, त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठाला २४–१५ असे हरवले. त्यालाही खेळणे शक्य होईना, तेव्हा २ डिसेंबरला आपल्या संघटनेच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी उभा केला, बचावाच्या बळावर लुईव्हिलला १६–६ असे रोखले आणि विजेतेपद पटकावले. तेरा सामने, तेरा विजय.

३ डिसेंबरला समितीने यादी जाहीर केली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजत आले होते. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवे! टेक्सस आणि अलाबामा यांनी प्रत्येकी एक सामना गमावलेला होता. चार संघांची ती पद्धत दहा हंगाम चालली. त्या दहा हंगामांत पाच बड्या संघटनांपैकी एकीचा अपराजित विजेता वगळला गेल्याचे हे एकमेव उदाहरण. पुतण्याने फोनवर एवढेच विचारले, “काका, आम्ही एकही सामना हरलो नाही. मग आम्ही पाचवे कसे?”

आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही, कारण दुसरी बाजूही दुबळी नव्हती. अलाबामाने आदल्याच दिवशी त्या वेळच्या पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला २७–२४ असे नमवले होते. टेक्ससने सप्टेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच मैदानावर हरवले होते. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल तर तेही विचारात घ्यावे, असे समितीच्या नियमांतच लिहिलेले होते. पुढे जे घडले त्यानेही समितीचीच पाठराखण केल्यासारखे दिसते. अलाबामाने रोझ बाउलमध्ये मिशिगनला जादा वेळेपर्यंत झुंजवले, आणि तेच मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले. फ्लोरिडा स्टेटला ऑरेंज बाउल मिळाला. तेथे ३० डिसेंबरला जॉर्जियाने त्यांचा ६३–३ असा धुव्वा उडवला. बाउलांच्या इतिहासात इतक्या फरकाने कोणी हरले नव्हते. ‘पाहा, आम्ही म्हणतच होतो’ असे म्हणणाऱ्यांना आयतेच कोलीत मिळाले.

परंतु हा पुरावा आम्हास ग्राह्य वाटत नाही. त्या सामन्याला मूळ संघातील वीसहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. ज्या मोठ्या सामन्यासाठी वर्षभर घाम गाळला तो हातचा गेल्यावर, कोणी पुढच्या व्यावसायिक खेळाची चिंता केली, कोणी दुसरे विद्यापीठ गाठले. आधी पंगतीतून उठवायचे, आणि मग ‘पाहा, याला भूकच नव्हती’ असे म्हणायचे, त्यातला हा प्रकार. तर्क बरोबर ठरला की चूक, हा प्रश्नच मुळी गौण आहे. कमावलेल्या गोष्टीची जागा तर्काने घ्यावी काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याहूनही एक गोष्ट आमच्या जिव्हारी लागली. यादी जाहीर झाल्यावर ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिले, त्याचा आशय असा की, आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते. म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा पुष्कळ मोठा आहे हे सर्वांना दिसले असते. तेवीस वर्षांचा तरुण स्वतःचा पाय लवकर मोडायला हवा होता असे म्हणतो! समितीने संघाला वगळले, पण त्या निर्णयाचे ओझे जाऊन पडले ते जायबंदी मुलाच्या अंगावर. निर्णय घेणारी तेरा माणसे आपापल्या घरी गेली. ‘माझ्यामुळे’ हा शब्द मात्र त्याच्या वाट्याला आला.

पुढल्याच वर्षी, २०२४ च्या पावसाळ्यात, आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाने तालुक्यातील स्पर्धा जिंकली. जिल्ह्याच्या स्पर्धेस आठ दिवस उरले असताना संघातील सर्वांत चपळ मुलगी सायकलवरून पडली आणि तिचे मनगट मोडले. शिक्षकांच्या बैठकीत एका सहकाऱ्याने, अगदी सद्‌हेतूने, सुचवले की, “सर, आता जाऊन उपयोग नाही. पहिल्याच सामन्यात हरणार. गाडीभाडे, मुलींचा दोन दिवसांचा अभ्यास, सगळेच वाया. उपविजेत्या शाळेला जाऊ द्यावे.” हिशेबात चूक नव्हती. शाळेच्या गंगाजळीत तेव्हा किती रक्कम होती हे आम्हालाच ठाऊक होते.

आमच्या डोळ्यांसमोर मात्र टॅलाहासीचा तो मुलगा होता. संघ गेला नाही, तर ‘तू पडलीस म्हणून आपण गेलो नाही’ हे वाक्य त्या मुलीला गावच्या पाणवठ्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकावे लागेल, हे आम्हाला स्वच्छ दिसत होते. हरणे ही बारा जणींची गोष्ट असते. न जाणे ही एकटीची झाली असती. आम्ही संघ पाठवला. बारा जणींच्या यादीत तिचे नाव होते, ते आम्ही खोडू दिले नाही. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती गाडीत बसली.

संघ पहिल्याच सामन्यात एक डाव राखून हरला. सहकाऱ्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, आणि आमचे मत तसूभरही बदलले नाही. परत आल्यावर मुलींनी सहभागाची प्रमाणपत्रे मागितली. ती आम्ही प्रार्थनेच्या वेळी, सर्वांसमक्ष, बाराही जणींना दिली. त्या मुलीने डाव्या हाताने घेतले.

अमेरिकेत २०२४ च्या हंगामापासून चारांऐवजी बारा संघांना प्रवेश मिळू लागला. चांगले झाले, पण चारांच्या वेळी पाचवा रडला, बारांच्या वेळी तेरावा रडेल. जागा वाढवून समितीचे काम सोपे होते, न्याय्य होतेच असे नाही. फ्लोरिडा स्टेटने त्या २०२४ च्या हंगामात बारांपैकी दोनच सामने जिंकले, हेही येथे सांगितले पाहिजे. उद्याचे कोणाला कळते? म्हणून तर आज जे झाले आहे तेवढ्याचाच हिशेब माणसाने चोख ठेवावा.

पुतण्या आता शिक्षण संपवून नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात गेला आहे. त्याच्या त्या रात्रीच्या प्रश्नाला आम्ही नंतर उत्तर दिले, ते असे: “बाळा, तुम्ही पाचवे नव्हता. तुम्हाला पाचवे लिहिले गेले.”