कुरकुर

वडिलांची प्रीमिअर पद्मिनी गतिरोधकावर कुरकुरू लागली, तेव्हा बहुतेकांचा सल्ला एकच होता : विकून टाक. गॅरेजवाल्याने पुढचं सगळं सस्पेन्शन बदलायला सांगितलं. कुर्ल्याला ही गाडी बनणं थांबून दोन दशकं उलटली. सुटे भाग हुडकावे लागतात. आणि सगळंच बदललं, तर वडिलांची गाडी उरली किती?

आधी आवाजाचा पत्ता शोधायचं ठरवलं. मुलगी बंपर दाबून सोडत होती. मी चाकामागून हात घालून एकेका सांध्यावर बोटं टेकवत होतो. कान फसतात, पत्रा आवाज भलतीकडे नेतो. बोटांना मात्र थरथर जागच्या जागी कळते. डाव्या खालच्या आर्मपाशी ती जाणवली. तिथल्या रबरी बुशवर पाणी शिंपडलं. आवाज थांबला, सुकल्यावर परतला. म्हणजे स्प्रिंग ठीक होती. रबर कडक झालं होतं.

साधं ग्रीस लावण्यात अर्थ नव्हता, त्याने रबर फुगतं. दोन्हीकडचे बुश बदलले. बोल्ट पक्के आवळले ते गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर भार आल्यावर. नाहीतर नवं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

बाकी सगळं वडिलांनी ठेवलं होतं तसंच आहे.