झिंझोटीच्या मागे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस हलकेच फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा नखाने केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. बराच वेळ तार नुसती टणटणत होती. मग दोरा नेमका बसला आणि तोच स्वर उघडला. त्याच्या पोटातून आणखी स्वर निघू लागले. भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एक बाई दारात थांबल्या. थांबायचं असं त्यांनी काही ठरवलेलं दिसलं नाही. पाय आधी थांबले.

लहानपणापासून आपल्याला निग्रह शिकवतात. मन आवरा, दात-ओठ खाऊन कामाला लागा. त्याचाही उपयोग होतोच. पण ज्यांचं सगळं आयुष्यच वळलं अशी माणसं पाहिली, की त्यांना मागून कुणी ढकललं असेल असं वाटत नाही. पुढून काहीतरी ओढत असणार.

याच मिरजेत, दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत. त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी तबकडीवरून गदगच्या एका मुलाच्या कानी पडली. असं गाता आलं पाहिजे, एवढंच त्याला कळलं. १९३३ साली, ११ वर्षांचा असताना हा मुलगा, म्हणजे भीमसेन जोशी, घरातून निघून गेला. जेवताना आईने आणखी तूप वाढलं नाही, म्हणून रुसून गेला असं सांगतात. असेलही. पण तुपावरचा रुसवा माणसाला फार तर गावच्या वेशीपर्यंत नेतो. संध्याकाळी भूक लागली की परत आणतो. हा मुलगा ग्वाल्हेर, कोलकाता करत जालंधरला पोचला. गाडीत तिकीट नसायचं, गाणं असायचं. आणि जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं, की गुरू तुझ्या घराजवळच आहे, कुंदगोळला. सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य! अर्धा हिंदुस्थान पालथा घालून पोरगं त्या ठुमरीच्याच दारात आलं. तिथे आधी पाणी भरणं, घरातली कामं. तालीम नंतर. त्या घागरी मला तानांहून मोठ्या वाटतात. सुंदर गोष्ट नुसती भुलवत असती, तर तो पहिल्या आठवड्यातच पळाला असता.

पण बाबा आमट्यांचं काय? वरोऱ्यात पावसात, गटारीकडेला पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. कुष्ठरोगाने बोटं झडलेली, अंगात किडे. बाबा घाबरून पळाले. इथे कुठली झिंझोटी होती? डोळ्यांना, नाकाला नको असणारंच सगळं. तरी ते परत फिरले, त्याला आडोसा केला, खाऊ घातलं, अखेरपर्यंत त्याची सेवा केली. स्वतःची भीती जिंकायला गेले, असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. भीती जिंकायला गेलेला माणूस एकदा जिंकतो आणि घरी येतो. बाबांना त्या देहापलीकडचं काहीतरी दिसलं असलं पाहिजे, आणि एकदा दिसल्यावर त्यापासून दूर राहणं त्यांना जमेना. १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी राहिली. वरोऱ्याजवळच्या एका खडकाळ माळावर, जिथे आधी विहीर खणावी लागली, तिथे ते राहायला गेले. पत्नी साधनाताई बरोबर होत्या आणि विकास, प्रकाश ही दोन लहान मुलंही.