टाकीचे झाकण

तुडीलच्या घरी आम्ही वर्षातून दोनदा जातो, गणपतीत आणि मे महिन्यात. यंदाच्या मे महिन्यात आंबे राहिले बाजूला आणि सगळे दिवस शौचालयाच्या टाकीपायी गेले. पाणी उतरेना. चौथ्या दिवशी परसातले झाकण उघडले, तेव्हा ते याआधी कधी उघडले होते हे घरात कोणालाच आठवेना.

वास्तविक अशी टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. जड मैला तळाशी बसतो, वर तेलकट साय धरते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. गाळ फार साचला की तोही पुढे सरकतो आणि खड्डा बुजवतो. पावसात कोकणची जमीन स्वतःच तुडुंब असते, म्हणून हे काम मृगाआधी उरकावे. हे ज्ञान आम्हांस संकट आल्यावर झाले.

महाडहून गाडी आली, सोबत दोघेजण. नळीने पातळ भाग भराभर ओढला, तळचा गाळ मात्र हलेना. तेव्हा त्यांतला धाकटा म्हणाला, "शेठ, वर पाचशे द्या, मी उतरतो."

'नको' हा शब्द आमच्या तोंडून निघायला वेळ लागला. फार नाही, दोन-तीन क्षण. पण त्या क्षणांत आम्ही हिशेब करत होतो, हे आम्हांस ठाऊक आहे.

अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला, म्हणजे धोका टळला, असे माणसाला वाटते. संरक्षक साधनांवाचून कोणाला टाकीत उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. आमच्या परसात भाव पाचशेचा होता.

शेवटी आम्ही बादल्यांनी पाणी ओतले आणि लांब बांबूने गाळ ढवळला. तासाभराने नळीने तो ओढला. थोडा गाळ मुद्दाम ठेवला, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्यातच असतात. ढवळताना आप्पा पटवर्धन आठवले. भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण आरंभले होते. ज्या कामासाठी ते उपाशी राहिले, ते तासभर करताना आम्ही नाकाला रुमाल बांधला होता.

निघताना सहज विचारले, "गाडी कुठे रिकामी करता?" चालकाने खाडीच्या दिशेने हात केला. "आहे जागा."

बोटीवर नोकरीला असलेला आमचा मामेभाऊ सांगतो, मोठ्या जहाजावरही अशीच टाकी असते. मारपोल करारानुसार तिच्यातला प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. सावित्रीच्या काठाला असे मैल कोण मोजणार? याच तालुक्यात १९२७ साली माणसांनी ओंजळीने पाणी घेतले, एवढ्यावरून चवदार तळ्याचे शेण-गोमूत्राने 'शुद्धीकरण' केले गेले. आमचा मैला पाण्यात जातो, तेव्हा मात्र कोणाला विटाळ होत नाही. आम्हांसही झाला नाही. पैसे दिले आणि झाकण बसवले.

झाकणावर आता रंगाने तारीख लिहिली आहे. तीन वर्षांनी गाडी बोलावताना दर विचारण्याआधी ती कुठे रिकामी होते, हे विचारायचे ठरवले आहे. उत्तर पुन्हा खाडीकडचेच आले तर काय करायचे, ते अजून ठरलेले नाही.