पाचट ठेवायचं की पेटवायचं

मी हडपसरला राहतो आणि आमची शेती यवतच्या पुढे, दौंड तालुक्यात. रान थोरला भाऊ बघतो; खतांची बिलं, कारखान्याची कागदपत्रं, माती परीक्षणाच्या पुड्या हे माझ्याकडे. त्यामुळे सोलापूर रस्त्यावरून सारखं जाणं-येणं. वाटेत मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट लागते, पुढे उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभी केलेली बाएफ. उसाचं टनेज कसं वाढवावं हे सांगणारी एक संस्था, गाईचं दूध कसं वाढवावं हे सांगणारी दुसरी. आणि गळीत हंगामात त्याच रस्त्याच्या आजूबाजूला संध्याकाळी पेटलेली रानं दिसतात. गाडीच्या काचा बंद कराव्या लागतात.

पाचट जाळणारा शेतकरी अडाणी असतो, असं पुण्यात बरेच जण समजून चालतात. ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात पडतं. त्यातून सरीला पाणी पुढं सरकत नाही. बुडख्यावर पाचटाचा थर राहिला तर खोडव्याचा फुटवा दबतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर पाचटात साप असतो म्हणून हात घालायला तयार नसतो. काडी मात्र फुकट. दादा वर्षानुवर्षं काडीच लावायचा, आणि त्याचं सगळं बरोबर होतं असं नाही, पण विनाकारण तर मुळीच नव्हतं.

आम्ही खोडव्यात पाचट ठेवायला लागलो ते हवामानासाठी नाही, उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबायला लागली म्हणून. तोड झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे, त्यांच्यावरचं पाचट ओढून सरीत दाबायचं, वर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायचं, पाचट कुजवणारे जिवाणू शेणकाल्यातून शिंपडायचे आणि पाणी सोडायचं. पहिल्यांदा ऊस पिवळा पडला तेव्हा दादा चिडला होता. पाचट कुजवणारे जिवाणू आधी मातीतलं नत्र स्वतःच खातात, म्हणून तर तो युरिया. आम्ही तो पसरला होता, पण पुरेशी ओल नव्हती. पुढच्या पाण्याला ऊस सावरला. एप्रिलमध्ये सरीतला थर उचलून बघितला. वरचं पाचट वाळकं, खडखडीत. त्याखाली काळपट, ओलसर, पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेलं, आणि अगदी तळाशी गांडुळांची विष्ठा. दादानं ती माती मुठीत दाबून बघितली, बोलला काहीच नाही. त्या वर्षी शेजारच्यांपेक्षा आमचं एक-एक पाणी उशिरानं दिलं तरी चाललं.

ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे तुम्ही टनावारी कार्बन वाचवला. तसं सरळ नाही. पाचटातला कार्बन उसानं त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो. जाळला काय, कुजवला काय, बराचसा हवेतच परत जातो. जाळण्याचं खरं नुकसान म्हणजे काजळी, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि मातीला मिळायचा तो सेंद्रिय भाग राख होणं. शेतीतला मोठा खर्च, हवेच्या बाजूनं बघितलं तर, युरियाच्या गोणीत आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस, म्हणजे एकरी १६०. सगळं युरियातून द्यायचं तर ४५ किलोच्या जवळपास ८ गोणी. टाकलेल्या नत्रातला ढोबळमानानं शंभरातला एक भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. नत्राला जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिजनचं वजनही धरून गुणाकार केला तर एकरी सातशे किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास येतो. तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. माझी स्कूटर वर्षात तेवढं पीत नाही.

पण २६६ रुपयांना मिळणारी गोणी कमी करा असं कुणाला सांगणार? एक जास्त पडली तर बिघडत नाही, एक कमी पडली तर रान फिकट दिसतं आणि बांधावरून जाणारा माणूस विचारतो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या लेपाचा झाला, त्यानं नत्र सावकाश सुटतं म्हणतात. तरी दादाचा हात सैलच होता. पाचट दोन-तीन खोडव्यांत मुरल्यावर मातीचा अहवाल आला, सेंद्रिय कर्ब थोडा वर सरकला होता. मग त्यानं आपणहून एकरी एक गोणी कमी केली. टनेज घटलं नाही. घटलं असतं तर दुसऱ्या वर्षी गोणी परत आली असती, यात मला शंका नाही. घरच्या गाईंच्या मिथेनवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. वहिनींचा गोबरगॅस शेणाचं बघतो, रवंथाचं कोण बघणार?

गेल्या दिवाळीनंतर कार्बन क्रेडिटवाला एक पोरगा मोटारसायकलवरून आला. पाचट जाळू नका, पैसे मिळतील. सातबारा मागितला. दादानं सांगितलं, आम्ही जाळतच नाही. पोरगा जरा अडखळला. क्रेडिट नव्या बदलाचं मिळतं, म्हणाला; जे आधीपासूनच ठेवतात त्यांचं धरता येत नाही.

"मंग एकदा पेटवून देऊ का?" दादानं विचारलं.

पोरगा हसला, चहा पिऊन शेजारच्या वस्तीवर गेला. त्यांचं रान दरवर्षी पेटतं, त्यांनी सही केली. त्यांची तोड फेब्रुवारीत आहे, आणि मुकादम आत्तापासूनच म्हणतोय, उभा ऊस जळीत करून दिला तर टोळी लवकर लावतो.