उजेडाची तारीख

हौशी छायाचित्रकार एकत्र जमले की एक तक्रार हमखास निघते, "काढण्यासारखं काही मिळत नाही." मग रजा जुळवून कास पठार गाठायचं, फुलांचे तेच फोटो काढून परतायचं आणि पुढची रजा मिळेपर्यंत कॅमेरा कपाटात ठेवायचा. मी कोल्हापुरात राहतो. नोकरी दिवसभराची, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी सकाळचा थोडा वेळ आणि रविवार एवढंच हाताशी उरतं. तेवढ्यात रोज काही ना काही सापडतं, याचं श्रेय मी अंबाबाईच्या देवळाला देतो.

देवी पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि गाभाऱ्यात पोचून चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. ढग आले किंवा हवेत धूळ-धूर साचला तर ते अलीकडेच विरतात. लहानपणापासून हे पाहत आलो, पण कॅमेरा हातात आल्यावर या तारखांकडे नव्याने पाहिलं. सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो २१-२२ डिसेंबरला. १० नोव्हेंबर त्याच्या सहा आठवडे आधी येतो आणि १ फेब्रुवारी सहा आठवडे नंतर. जाताना सूर्याची जी वाट, तीच परतताना. जे देवळाला लागू, ते माझ्या दोन खोल्यांच्या घरालाही लागू असणारच.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. समोरच्या दोन घरांमधल्या फटीतून नोव्हेंबरच्या मध्यावर एक तिरीप आत येते आणि मांडणीवरच्या पितळी डब्यांवर काही मिनिटं टिकते. आई त्याच वेळी चहा गाळत असते. वाफ एरवी डोळ्यांना जाणवतही नाही, पण उजेड मागून आला की तिचा प्रत्येक पदर सुटा दिसतो. १५ नोव्हेंबरची ही तिरीप २७-२८ जानेवारीला पुन्हा त्याच डब्यांवर येते. घड्याळात मात्र जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो. नोव्हेंबरात सातला दिसली तर जानेवारीत साडेसातच्या सुमारास तयार राहायचं. हा हिशेब उलगडला तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही नव्या लेन्सने झाला नव्हता. तेव्हापासून मी वहीत फोटोंचे विषय लिहीत नाही. भिंत, तारीख, वेळ, एवढंच लिहितो.

याच गावात आबालाल रहिमान होऊन गेले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या दरबारी असलेला हा चित्रकार १९३१ साली वारला. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ ही त्यांची ठिकाणं, सगळी चालत जाण्याच्या अंतरावरची. पाणी तेच, दगड तेच, आणि तरी चित्रागणिक प्रहर वेगळा. आज रंकाळ्यावर संध्याकाळी मोबाइल घेऊन उभे असलेले शेकडो लोक मावळत्या सूर्याचा फोटो काढतात. त्यांना माझं सांगणं असं, की एकदा सूर्याकडे पाठ करा. त्या वेळी कठड्यावर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर जो रंग उतरलेला असतो, तो आकाशातल्या रंगापेक्षा कमी मोलाचा नाही.

माझं सगळ्यात आवडतं ठिकाण गंगावेशीतला दूध कट्टा. गवळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाईक ग्लास घेऊन थांबतं आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध तिथेच पितं. छायाचित्रकाराची याहून कठीण परीक्षा मला ठाऊक नाही. काळीभोर म्हैस आणि पांढराशुभ्र फेस एकाच चौकटीत! समोर जे आहे ते मध्यम करडं आहे, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. चौकट म्हशीने भरली की ते उजेड वाढवतं. म्हैस राखाडी होते आणि फेसातले बुडबुडे पार नाहीसे होतात. म्हणून मी फेस सांभाळतो, एक-दीड स्टॉप खाली येतो. मग काळा रंग काळाच राहतो, आणि पाठीवर, शिंगांच्या वळणावर जिथे ऊन लागलंय तिथेच तो चकाकतो. म्हैस पान्हावली की ती क्षणभर निश्चल होते. शेपूटही थांबतं. तो क्षण ओळखायला मी गवळ्यांच्या बोटांकडे पाहून शिकलो.

तिथल्या एका गवळ्याने एकदा मला विचारलं, "रोज काय घावतंय हो तुमास्नी ह्यात?" मी त्याला छापलेला फोटो दिला. त्याने तो बराच वेळ निरखला आणि म्हणाला, "पाडव्याला या. शिंगं रंगवल्यावर काढा हिचा." दिवाळीत आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. मी गेलो, फोटो काढला, तो त्याच्या घरात भिंतीवर आहे. तो फोटो त्याचा. माझ्या मनातला फोटो मात्र साध्या दिवसाचा, अंगावर शेणाचा डाग असलेल्या म्हशीचा आहे, आणि तो काढण्यासाठी मी कट्ट्यावर जात राहतो.

भर दुपारी कॅमेरा काढू नये, असं शिकवतात. मला ते पटत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरवर सूर्य ऐन माथ्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशीच राहते. त्या वेळी ऊन भिंतीला घासून खाली उतरतं आणि जुन्या गिलाव्याचा कण न् कण वर येतो. पावसाळ्यात तर आकाशच पांढऱ्या पडद्यासारखं पसरतं, सावली उरत नाही, रंग बोलू लागतात. ताडपत्रीचा निळा, ओल्या विटेचा लाल. बाहेर पडता येत नसेल तर खिडकीची काच पुरते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला प्रागचा योसेफ सुदेक १९४० पासून १९५४ पर्यंत आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, ओघळ, पलीकडचं वाकडं झाड, एवढ्यावर.

आज घरात जिथे ऊन पडलंय तिथे जाऊन उभे राहा. तारीख आणि वेळ लिहून ठेवा, २१ डिसेंबर किंवा २१ जून यांपैकी जवळचा दिवस धरून पलीकडची तारीख मोजा आणि त्या दिवशी कॅमेरा चार्ज करून ठेवा.